सूटमधलं ऊन पाणी

वत्सलाचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. कुंभकोणमच्या इस्पितळात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. थर्मामीटर दाखवील तोच ताप, असा तिचा खाक्या. लेक साईकुमार नॉर्वेत पाणबुड्यांना शिकवायला होता. तिथल्या बर्फगार सरोवरात उतरला आणि वर आला नाही, असा फोन आला तेव्हाही तिनं आधी विचारलं, "देह सापडला का?" सापडला नव्हता. जावांनी देव पाण्यात घातले. ती म्हणाली, लेकच पाण्यात आहे, देवांना आणखी कशाला बुडवता.

तीन आठवड्यांनी त्याचं सामान आलं. त्यात त्याचा पाण्यात उतरायचा दुसरा सूट होता, जाड काळ्या रबराचा. तिनं तो परसात दोरीवर टाकला. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन उतरेतो बघते तर सूटच्या पायांतून पाणी ठिबकतंय. प्रवासातली ओल असेल, म्हणून तिनं पिळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्याभर निघालं. बोट घातलं तर पाणी ऊन.

साईकुमारनंच एकदा फोनवर सांगितलं होतं. "सूट पाणी अडवत नाही गे अम्मा, थोडं आत घेतो. ते आपल्या अंगानं तापतं, आणि मग तेच आपल्याला राखतं. आत माणूस आहे तोवर ते ऊन."

"आणि माणूसच गार पडत चालला तर?"

"तर वर यायचं, आणखी काय!" तो हसला होता.

तिनं तांब्यात थर्मामीटर बुडवला. सदतीस. दुसऱ्या दिवशी छत्तीस, मग चौतीस. हे आकडे कुठं जातात ते तिनं खाटांशेजारी उभं राहून पाहिलं होतं. तिनं सूट घरात आणून खाटेवर निजवला, ब्लँकेट गुंडाळलं, छातीशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. त्याच्या लग्नासाठी दारासुरमहून घेऊन ठेवलेलं रेशमी उपरणंही काढून वर पांघरलं. सकाळी पुन्हा छत्तीस. लेक जिवंत आहे, एवढंच तिला पुरे होतं.

नवऱ्यानं, चंद्रमौलींनी, तांब्यात हात घातला आणि झटकन मागं घेतला.

"गुरुमूर्ति शास्त्री सांगत होते," ते हळूच म्हणाले. "देह नाही, तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा. नाहीतर पोराला गती नाही."

"जित्या माणसाला अग्नी देतात का?"

नऊ दिवस ती दर तासाला पिशवी भरत राहिली. दहाव्या दिवशी डोळा लागला, तो थेट उजाडल्यावर उघडला. पिशवी गार. पाणी एकोणतीस.

चंद्रमौली खाटेशी बसून रडत होते. "थंडी वाजत्येय त्याला, वत्सला. कुठवर शेकणार तू? सोड आता त्याला."

तिचं सगळं बळ सरलं होतं. "द्या अग्नी," ती म्हणाली. "एकदाची पुरती ऊब लागू दे माझ्या लेकराला."

दुसऱ्या दिवशी कावेरीच्या घाटावर, बरोबर बाराला, पुतळा पेटवला. दर्भ बघता बघता जळून गेला.

घरी आली तर सूट कोरडा होता. त्यात तोंड खुपसून ती पोटभर रडली.

सकाळी नॉर्वेहून फोन आला. साईकुमारबरोबर पाण्यात उतरणाऱ्या जोडीदाराचा.

देह सापडला होता.

तो अडखळत बोलत होता. सांगावं की नाही, कळत नव्हतं म्हणाला. हातपाय मऊ होते. डॉक्टरांनी दोनदा तपासलं.

"ते म्हणतात, जाऊन एक दिवसही झाला नाही. काल सकाळी साडेसातला."

वत्सलानं बोटांवर साडेचार तास मिळवले.

"आमच्याकडे तेव्हा बारा वाजले होते," ती म्हणाली.