काउंटरमागची गोष्ट

"पब उघडा आहे?"

"नाही."

"पण दार तर उघडं आहे..."

"दार वाऱ्यासाठी उघडंय. गिऱ्हाइकांसाठी संध्याकाळी सहाला उघडतं."

मी काउंटरखालची फरशी घासत होते, त्यामुळे आधी मला त्याचे फक्त बूट दिसले. एका बुटाची नाडी सुटलेली. मग मी वर पाहिलं – आणि तिथेच घोटाळा झाला. इतकं हसरं तोंड घेऊन माणसाने सकाळी अकरा वाजता कुणाच्या दारात उभं राहू नये.

"मी प्यायला नाही आलो," तो म्हणाला. "इतिहास लिहायला आलोय."

"कुणाचा?"

"तुमचा."

आळीतल्या वाचनालयाला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त आळीवर एक पुस्तक निघणार होतं आणि ते लिहायला याला बाहेरगावाहून बोलावलं होतं.

"तुमचा पब म्हणे वाचनालयापेक्षाही जुना?"

"असणारच. माणसाला अक्षर येण्याआधी तहान लागते," खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्या म्हणाली. आत्या माझ्याआधीची मालकीण. तिचे गुडघे गेले आणि काउंटर माझ्याकडे आला. कान मात्र तिचे अजून शाबूत आहेत.

तो रोज अकराला यायला लागला. पहिल्याच दिवशी मी त्याच्या हातात फडकं दिलं. फुकट इतिहास आम्ही देत नाही म्हटलं, बसल्या बसल्या ग्लास पुसा.

मग मी सांगायची आणि तो पुसत पुसत लिहून घ्यायचा. पणजीने खिडकीत एक पिंप ठेवून धंदा सुरू केला. आजीने ती भिंतच पाडली आणि काउंटर बसवला. आत्याने बायकांना बसायला मागची खोली उघडली, तेव्हा आळीतले पुरुष तीन आठवडे रुसून घरी बसले. चौथ्या आठवड्यात मुकाट्याने परत आले.

"आणि तुमचे वडील?"

"बाबांना वासानेच मळमळायचं. आमच्या घरात पुरुष एक तर पितात, नाहीतर पळतात. सांभाळतात बायकाच."

"पुसणाऱ्यांचं काय?"

"पुसणारा आजवर कुणी आलाच नव्हता..."

तो ग्लास उजेडात धरायचा, बोटांचे ठसे राहिलेत का बघायला. एकदा बराच वेळ धरून राहिला. ग्लासापलीकडे मी होते.

"काय शोधताय?"

"डाग."

"सापडला?"

"एकही नाही," तो म्हणाला. मग हळूच, "तुझ्यात काही खोट असेल असं वाटत नाही."

तो पहिला 'तू'. मी तोच ग्लास घेऊन पुन्हा धुतला, दोनदा. हात कशात तरी गुंतवायला हवे होते.

आता आमच्या घराण्याचा नियम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पबच्या भिंतीवरच्या प्रत्येक वस्तूला एक गोष्ट असते आणि ती मालकिणीने सांगायची असते. नुसतं पिणं माणसाला घरीही मिळतं, गोष्ट ऐकायला तो इथे येतो. आणि काउंटरमागे एकीने सांगितलेली गोष्ट दुसरीने कधीही खोडायची नाही. भर घालायची, खोडायचं नाही. पणजीच्या गोष्टीतलं पिंप पुरात वाहत आलेलं, आजीने ते बुडालेल्या जहाजावरचं केलं. कुणीही हूं की चूं केलं नाही.

सहाव्या आठवड्यात तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. दोन्ही नाड्या घट्ट बांधलेल्या. हे सगळं माझ्या लक्षात आलं होतं, अर्थ तेवढा लागला नाही.

"हे घड्याळ बंद का आहे?" त्याने विचारलं.

झालं! माझी सगळ्यात आवडती गोष्ट. मी फडकं खांद्यावर टाकलं आणि सुरू केलं. दर शनिवारी एक घड्याळजी यायचा, चावी द्यायला. एका शनिवारी भर गर्दीत त्याने आत्याला मागणी घातली – चल माझ्याबरोबर. आत्या म्हणाली, आधी गिऱ्हाइकं, मग तू. तो गेला. घड्याळाला त्यानंतर कुणी हात लावला नाही.

कोपऱ्यात आत्या ताठ बसली होती. ही गोष्ट चालू असताना ती नेहमी तशीच बसते.

"तुमच्याकडची कुणीच काउंटर सोडून गेली नाही?"

"कुणीच नाही. पणजोबा, आजोबा, दोघंही इथेच राहायला आले."

"माझं पुढचं काम लांब आहे..." तो म्हणाला. "आणि तू?"

"मी काय आत्यापेक्षा कमी आहे?" मी ऐटीत म्हटलं. गोष्टीचा शेवट झोकात व्हायला हवा, ही आमची धंद्याची खोड. तो एकच ग्लास पुसत राहिला. मग फडकं नीट घडी घालून ठेवलं आणि गेला.

तो आला तीन महिन्यांनी, पुस्तक घेऊन. संध्याकाळची वेळ, सगळी टेबलं भरलेली. लोकांनी आग्रह केला म्हणून त्याने आमचं प्रकरण मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य होतं, 'चौथ्या मालकिणीनेही काउंटरच निवडला.'

टाळ्या पडल्या. मी काउंटरवरून वाकले.

"कुणाऐवजी?"

त्याने आवाज उतरवला. "त्या दिवशी मी विचारायलाच आलो होतो."

"मग विचारलं का नाहीस?"

"उत्तर आधीच मिळालं होतं. इतक्या अभिमानाने सांगत होतीस..." त्याने पुस्तक मिटलं. "माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात. फक्त एक सांग – ते घड्याळजीचं खरं आहे ना? खरं असेल तर मी शहाणपणा केला. नसेल तर..."

खरं नव्हतं. आईने मला कधीच सांगितलं होतं. आत्या पाच वर्षं दर शनिवारी ठेवणीतली साडी नेसून उभी राहायची आणि घड्याळजीने तिला कधी काही विचारलंच नाही. तो चावी द्यायचा, पाणी मागायचा आणि जायचा. एक दिवस यायचा बंद झाला.

आळीतली माणसं कान देऊन होती. आत्याची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट झाली होती. 'नाही' एवढा एकच शब्द माझ्या जिभेवर होता. मला हा माणूस हवा होता.

"खरं आहे," मी म्हटलं. "अक्षर न् अक्षर."

त्याने मान डोलावली. पेन काउंटरवरच विसरून निघून गेला.

सगळे गेल्यावर आत्या म्हणाली, "खोडायचं होतंस की गं."

"नियम आहे ना."

"नियम गिऱ्हाइकांसमोरचा आहे. तो गिऱ्हाईक होता का, वेडे?"

हातातला ग्लास मी खाली ठेवला. इतके आठवडे रोज सकाळी आला, शेकडो ग्लास पुसले, पण इथे एक घोट त्याने कधी घेतला नव्हता.

पेन आता घड्याळाखालच्या फळीवर आहे. परवा एक नवीन जोडपं आलं होतं. त्यातल्या मुलीने विचारलंच, "हे कुणाचं हो?"

"इतिहास लिहायला एक जण आला होता, त्याचं," मी ग्लास भरता भरता म्हटलं. "मला मागणी घातली. मी नाही म्हटलं."

"अय्या! का?"

"काउंटर सोडून कोण जातं?"

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्याने भर घातली, "एकदा नाही काही. तीनदा विचारलं होतं त्याने."