चढण विसरलेले रोहू

मंजिरी वलथरेने माशाच्या पराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापून यंत्राच्या खाचेत ठेवला. चहा संपेपर्यंत पडद्यावर आकडा आला. नदीकाठच्या त्या मत्स्यबीज केंद्रात हे रोजचंच काम होतं. माशाच्या हजारो जनुकखुणा वाचून यंत्र सांगे, याची पिल्लं किती झपाट्याने वाढतील, रोगाला किती टिकतील. त्याला सगळे जनुकांक म्हणत. अंक वरचा असेल तो मासा पैदाशीच्या हौदात जाई, बाकीचे बाजारात. अशा निवडीतून मंजिरीने घडवलेला रोहू निम्म्या काळात ताटभर होई. नदीच्या पसरट पात्रातल्या तरंगत्या पिंजऱ्यांत तोच वाढत होता; आणि एका पुरात पिंजरे फाटल्यापासून मोकळ्या नदीतही तोच होता.

आजची मादी मात्र मंजिरीची थोरली बहीण रेवता वरच्या डोहातून टपात घालून घेऊन आली होती.

"इतका कमी अंक? यंत्र बिघडलं का व?" रेवताने विचारलं.

"नाही बाई. ही आपली जुनी रोहू आहे. नदीची."

दोघी जणी नदीच्या वरच्या अंगाच्या कोसमडोह गावच्या, मासेमार धिवरांच्या घरातल्या. पावसाळ्यात गढूळ लोंढ्याविरुद्ध रोहू तिथवर चढून येत, उथळ पाण्यात अंडी घालत. चढणीच्या दिवसांत कुणी जाळं टाकत नसे. मागे उरलेली पिल्लं डोहात वाढत आणि गाव वर्षभर त्यांच्यावर जगे. पुढे चढण विरळ झाली, मग थांबलीच.

कारण मंजिरीनेच शोधून काढलं होतं. जो मासा प्रवाहाशी झुंजत नाही, त्याचं खाणं अंगाला लागतं. वाढीसाठी निवड करताना तिने पिढ्यान्‌पिढ्या न झुंजणारेच निवडले होते. नदीतल्या रोहूंशी त्यांची वीण मिसळली आणि चढण्याची ओढ पुसट होत गेली. तिने हे संचालकांपुढे मांडलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "मॅडम, पिंजऱ्यातल्या माशाला चढून जायचंय कुठे?"

जुन्या वाणाचा नर शोधायला ती डोहाडोहांतून फिरली. सापडला नाही. शेवटी केंद्रातल्याच नराशी त्या मादीची वीण करावी लागली.

पिल्लं बोटभर झाली तेव्हा तिने रेवताला बोलावून घेतलं. गोल हौदात पंपाने पाणी फिरू लागलं. बहुतेक पिल्लं पाण्याबरोबर वाहत गेली. थोडीशी मात्र वळली, तोंडं प्रवाहाकडे करून जागच्या जागी झगडू लागली.

"पाहिलं, बाई? आता फक्त हीच निवडायची. यांची पिल्लं, मग त्यांची. नदीत सोडली की चढतील."

"किती वर्षं लागतील?"

"दहा-बारा. तोवर पिंजऱ्यांतले मासे नदीत सुटता कामा नयेत."

रेवता म्हणाली, "मी उद्यापासून पिंजऱ्यांवर कामाला लागतेय. खाद्य टाकायचं."

"अन्‌ कोसमडोह?"

"पोळ्यानंतर शेजारचे फागो मामाही गाव सोडून लेकाकडे गेले. माझंच घर राहिलं होतं. कुलूप लावून आली."

"मला सांगायचं ना."

"सांगून काय झालं असतं? तू मासे घडवत होती. चांगलेच घडवले. खालची गावं त्यांच्यावर जगतात, आता मीही जगीन." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मंजिरीला सोपं गेलं असतं.

पंप चालूच होता. ती मूठभर पिल्लं अजून मागे हटली नव्हती.

"चढतील ती," रेवता म्हणाली, "तुझ्या हातात विद्या आहे. पण वर चढणीच्या दिवसांत जाळं न टाकता थांबणारं आता कोण उरलं आहे, मंजे?"