कूलरपुढची परीक्षा

"बॅगेले हात लावायचा नाई म्हणून सांगितलं होतं ना?" सुरजभाऊ दारातूनच ओरडला आणि निशाच्या हातातली बॅग त्याने हिसकावून घेतली.

निशाला सुकरीच्या बॅगेत फक्त तिच्या गोळ्या आणि पायमोजे ठेवायचे होते. सुकरी तिची धाकटी चुलत बहीण. दोघी कुरखेड्याच्या एका वसतिगृहात राहून शिकत होत्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या मुलांची सहल हिमाचलला निघणार होती. सुकरीला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. अंग गारठलं की तिचे हातपाय असे ठणकत की तिला पाणी प्यायलाही उठता येत नसे. उंचावर चढायचं नाही आणि अंग ओलं, गार होऊ द्यायचं नाही, या अटींवरच डॉक्टरांनी तिला जाऊ दिलं होतं. आणि तिकडची हवा तर अशी, की सकाळी ऊन आणि दुपारी गारा.

सुरजभाऊ सहल नेणाऱ्या कंपनीचा माणूस. सकाळी त्याने सगळ्यांना जाड निळी जॅकेटं घालून भर उन्हात उभं केलं आणि फोटो काढले. पोरं घामाने निथळली. मग जॅकेटं परत घेऊन, खोलीचं दार लावून त्याने स्वतःच बॅगा भरल्या, चिकटपट्टीने बंद केल्या आणि गाडी तिकडे पोचेपर्यंत त्या उघडायच्या नाहीत असं बजावलं.

पण बॅग हातात घेतली तेव्हाच निशाला वाटलं होतं, ही इतकी हलकी कशी?

वसतिगृह सांभाळणाऱ्या आशाबाईंना तिने तसं सांगितलं. त्यांनी मोबाईलवरून नजरही उचलली नाही. दुसऱ्यांना नसतं मिळत, तुम्हाला मिळतंय, तर खोड्या काढू नकोस, एवढंच म्हणून त्यांनी तिला बाहेर काढलं.

व्हरांड्यात सहलीला येणारा विक्की उभाच होता. सुकरीचं नाव आल्यामुळे त्याच्या मित्राचं नाव गळलं होतं आणि तेव्हापासून तो या दोघींशी धड बोलत नव्हता.

"बिमार पोरीले कायले नेता?" तो म्हणाला. "तुह्या बहिणीपायी आमची सहल रद्द होईन एखाद्या दिवशी."

निशा त्याच्याशी भांडली नाही. सुरजभाऊ जेवायला गेल्यावर ती सरळ बॅगांच्या खोलीत शिरली आणि तिने सुकरीच्या बॅगेची पट्टी फाडली. आत जॅकेट होतं, निळंच होतं. पण हाताला कागदासारखं लागत होतं. विक्की मागोमाग आला होता. मी भाऊला सांगतो, असं तो धमकावू लागला.

"सांग. पण आधी पाहून घे," निशा म्हणाली.

तिने जॅकेट अंगात चढवलं आणि ती मोठ्या हॉलमधल्या कूलरपुढे जाऊन उभी राहिली. कूलर पूर्ण वेगात सोडला. तिची मैत्रीण साक्षी तिथे होती. ती मगाने पाण्याचे हबके मारू लागली. वारा आणि पाणी, दुसरं काय असतं डोंगरात? बघता बघता पाणी आतल्या फ्रॉकपर्यंत पोचलं. बाहेर अंगाची लाही करणारं ऊन असताना निशाचे दात वाजू लागले. तिने बाही वर केली, तर जॅकेटचा रंग उतरून कोपरापर्यंत हात निळा झाला होता.

विक्कीचा चेहरा उतरला. त्याने स्वतःची बॅग आणून फाडली. आत तसलंच पातळ चिंधूक.

"मंग सकाळचे कुठी गेले?" त्याने विचारलं.

साक्षीने मागच्या बाजूला ताडपत्री झाकलेला टेम्पो पाहिला होता. चालक तिला म्हणाला होता की आता सिंदेवाहीला जायचंय, उद्या तिथल्या पोरांचे फोटो आहेत. तिघांनाही एकदमच उलगडा झाला. गावोगाव तीच चांगली जॅकेटं, फक्त फोटोपुरती.

आशाबाईंकडे पुन्हा जाण्यात अर्थ नव्हता. निशाने ठरवलं की जे दाखवायचं ते सगळ्यांसमोरच.

संध्याकाळी मुलांच्या घरच्यांसमोर निरोपाचा कार्यक्रम होता. सहलीसाठी खटपट करणारे गावातले वामनराव अध्यक्ष होते. पांढराशुभ्र शर्ट घातलेला सुरजभाऊ माईकवर सांगत होता की पाऊस येवो की बर्फ पडो, या जॅकेटातून थेंबही आत जाणार नाही. निशा सुकरीचं जॅकेट घेऊन उभी राहिली.

"भाऊ, एकदा घालून दाखवा न जी. आमच्या घरच्यांचा जीव शांत होईन."

सुरजभाऊने हसून टाळलं. पण समोर बसलेल्या आयाबायांना ते पाहायचंच होतं आणि वामनरावांनीही मान हलवली. त्याने ते कसंबसं चढवलं मात्र, विक्कीने झाडांना पाणी घालायचा पाइप त्याच्यावर धरला. जॅकेट अंगाला चिकटलं. ओढून काढलं तेव्हा पांढरा शर्ट निळाशार झाला होता.

"पोट्ट्यांनी बदलवले जॅकेट!" तो निशाच्या अंगावर धावून गेला. "चोर हायेत हे सारे!"

आशाबाईही तिच्यावरच डोळे वटारू लागल्या. तेवढ्यात मागून हॉर्न ऐकू येऊ लागला. टेम्पो निघाला होता आणि साक्षी चार मुली घेऊन त्याच्यापुढे रस्त्यातच बसली होती. चालक शिव्या घालत होता. एकही मुलगी हलली नाही. वामनराव स्वतः तिथे गेले आणि त्यांनी ताडपत्री ओढली. सकाळची जाड जॅकेटं तिथे रचून ठेवलेली होती, घामाने अजून दमट.

सुरजभाऊ काहीतरी पुटपुटत फाटकाकडे सरकला. आयांनी त्याची वाट अडवली. वामनरावांनी पोलिसांना फोन लावला आणि सिंदेवाहीलाही कळवलं. मग त्यांनी निशाला माईकपाशी बोलावलं. आम्ही मोठी माणसं फोटो पाहून खूश झालो, या पोरांनी कपडा पाहिला, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि शाबासकी द्यायला त्यांनी हात पुढे केला.

चोर हा शब्द निशाच्या कानात बसला होता. तिने नमस्कार केला, पण ती हसली नाही.

"माहं कौतुक मंग करा जी," ती म्हणाली. "आधी सुकरीले बरोब्बर जॅकेट द्या."

मग आशाबाई उठल्या. टेम्पोतून त्यांनी एक जॅकेट निवडलं, आतून हात फिरवून पाहिलं, आणि सुकरीसमोर गुडघे टेकून त्यांनी तिला ते घातलं. चेन गळ्यापर्यंत ओढली.

"मी पाह्यलं नाई, निशा," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या. "तू पाह्यलं. बरं केलंस, पोरी."

सुकरी घामाघूम झाली होती, पण जॅकेट काढू देईना.