डब्यातला कोळसा

आधी ते गळ्यातलं कार्ड काढ, मिहोको. काढ आणि तिथं दिव्यापाशी ठेव. हसतेस काय? जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात रोज उभी राहून तुझे पाय सुजतात, ते मला दिसतं. पण कंपनी तुला दुसऱ्याच बाईच्या कार्डावर आत घेते, हे तू मघाशी जेवताना गंमत म्हणून सांगितलंस आणि मी ताट बाजूला सारलं. "त्यात काय आजी, पगार मिळाल्याशी कारण!" म्हणे त्यात काय! बस इथं. चहा गार होतोय तो पी आणि मी सांगते ते नीट ऐक.

मला एकदा एक डबा पोचवायचा होता. काम एवढंच होतं.

मी तेव्हा इथल्याच, आपल्या चिकुहोतल्या एका चिमुकल्या कोळशाच्या खाणीत होते. ती बघ, त्या टेकाडापलीकडं होती. मोठ्या खाणींनी काढून टाकलेली, कुठंच न खपणारी माणसं तिथं यायची. बाईनं जमिनीखाली उतरायचं नाही, असा कायदा झाला होता. कायदा आमच्या भल्याचाच होता गं, नाही कोण म्हणतं? पण त्यानं चूल पेटत नव्हती. मालकाला बाया स्वस्तात पडायच्या, म्हणून तो डोळेझाक करून आम्हाला खाली सोडायचा. फक्त हजेरीला नाव बाप्याचं लागायचं. मी माझ्या युद्धात मेलेल्या भावाच्या नावावर उतरायचे आणि माझी शेजारीण किकुए नवऱ्याच्या.

तिचा नवरा गेन्जिरो. त्याच्या छातीत कोळशाची भुकटी बसली होती. चार पावलं चालला की भिंत धरायचा. पण हजेरीतून त्याचं नाव गेलं असतं तर मालकानं चाळीतली खोली त्याच दिवशी रिकामी करून घेतली असती. म्हणून किकुए रोज गेन्जिरो होऊन खाली जायची. पाठीला दोर बांधून, गुडघ्यांवर रांगत, कोळशाची बिनचाकी लाकडी घसरगाडी ओढायची. खाली एवढं उकडायचं की आम्ही कमरेला फडकं गुंडाळून काम करायचो. आणि तशातही ही बया विनोद करायची! "तोमे, आज मी गेन्जिरो आहे, तेव्हा आज माझे पाय तू चेपायचेस," म्हणायची.

तिची एक खोड होती. कोळसा घरी न्यायला बंदी होती. आम्ही तो उपसायचा आणि थंडीत कुडकुडायचं आम्हीच. किकुए डबा खाऊन झाला की त्यात कोळशाचा एक खडा घालायची, वर झाकण घट्ट. "चोरी नाही गं," म्हणायची, "जेवणाची परतफेड आहे. रिकामा डबा घरी न्यायचा नसतो." त्या खड्यांवर गेन्जिरोची पेज शिजायची. तिचं माहेर समुद्राकाठी, संत्र्यांच्या बागेत. बाग फुलली की तिचा भाऊ दोघांना न्यायला येणार होता. त्या हवेत नवऱ्याची छाती सुटेल, ही तिची आशा. तोवर खोली टिकली पाहिजे.

बाग फुलायच्या आधीच छत कोसळलं.

तुला माहीत नसेल, खाणीत मेलेल्या माणसाला वर आणायची एक रीत होती. नुसता देह आणून भागत नाही. आत अंधारात जीव गोंधळतो, वाट चुकतो. म्हणून देह उचलला की प्रत्येक वळणावर त्याचं नाव घेऊन सांगायचं, "अमक्या, आता डावीकडं वळतोय... अमक्या, डोकं सांभाळ, इथं छत खाली आहे... अमक्या, वर चाललोय रे." असं खाणीच्या तोंडापर्यंत. कुणी ही रीत टाळत नसे. मालकाचे पाळीव कुत्रे असलेले मुकादमसुद्धा नाही.

पण त्या दिवशी खाणीच्या तोंडाशी पोलीस उभा होता. बाईचं नाव त्याच्या कानावर गेलं असतं तर खाण बंद. मुकादम अकामात्सु पुढं झाला आणि त्यानं हाक मारली, "गेन्जिरो, डावीकडं वळतोय!" मी किंचाळले, "अरे मुडद्या, किकुए म्हण! तिचं नाव घे!" त्यानं माझं तोंड दाबलं. "सगळ्या चाळीची चूल विझवायची आहे का तुला?" बाकीचेही त्याच्यामागं तीच हाक मारू लागले. सगळ्यांच्या घरी पोरंबाळं होती. मग प्रत्येक वळणावर गेन्जिरो, गेन्जिरो, गेन्जिरो. आणि जिवंत गेन्जिरो चाळीत खोकत तिची वाट बघत बसलेला. पोलिसाला गेन्जिरो जखमी झालाय म्हणून सांगितलं, मागाहून किकुए बाहेरच्या कोळशाच्या ढिगाऱ्याखाली सापडली असं कागदावर लिहून टाकलं आणि दुसऱ्या पाळीला खाण पुन्हा सुरू.

अंत्यसंस्कार झाले. मग एका सकाळी गेन्जिरो माझ्या दारात उभा. हातात किकुएचा डबा, फडक्यात बांधलेला.

"तोमे, खाली जाताना एवढा नेशील?"

"कुणाला, भावोजी?"

"तिला." त्यानं मान खाली घातली. "ती घरी आलेली नाही गं. माणूस गेलं की काही दिवस घरात वावर जाणवतो. माझी आई गेली तेव्हा जाणवला होता. ही आलीच नाही... उपाशी असेल."

 डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, असं म्हणून मी डबा घेतला. ती जिथं गाडली गेली तिथं खांबाला टांगला आणि कामाला लागले. पाळी संपल्यावर तो काढायला गेले. माझ्या दिव्याचा कार्बाइडचा उग्र वास येत होता. त्यातून एकदम घामाचा वास आला, ताज्या घामाचा, शेजारी कुणी रांगत असावं तसा. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी डबा उघडला. भाताचं एक शीत शिल्लक नव्हतं. आत कोळशाचा एक खडा होता.

मी वर कशी आले ते मला आठवत नाही.

"म्हणजे ती अजून काम करतेय," गेन्जिरो खडा हातात धरून म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. "मेल्यावरही माझ्या नावानं राबतेय!"

आम्ही पाक काकांकडं गेलो. ते खाणीच्या तोंडाशी गाड्या ओढायचं यंत्र चालवायचे. युद्धाच्या काळात कोरियातून पकडून आणलेल्यांपैकी होते. बाकीचे एक तर परत गेले, नाही तर खालीच राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली.

"डोंगराच्या देवाचा सण येतोय. खाण बंद असेल," ते म्हणाले. "मी दार उघडतो. तिचं नाव घेऊन वर आणा. पण एक सांगतो, खाली तिच्याखेरीज कुणाशी बोलू नका."

"आणखी कोण आहे खाली?" मी विचारलं.

त्यांनी यंत्राला तेल घालायला घेतलं.

सणाच्या दिवशी वर ढोल वाजत होते, साके वाटत होते, अकामात्सु भरदुपारी झिंगलेला. आम्ही दोघं उतरलो. गेन्जिरोला मी जवळजवळ पाठीवरच घेतलं होतं. ढोलांचा आवाज विरत गेला आणि मग नुसतं पाण्याचं ठिबकणं. त्या जागी पोचल्यावर तो गुडघ्यांवर बसला.

"किकुए," तो म्हणाला. "किकुए, मी आलोय. तुझ्याच नावानं हाक मारतोय. चल."

काही नाही. मग अंधारात घसरगाडीचा दोर ताणल्याचा आवाज... आणि लाकूड दगडावर खरडलं.

मी मागं बघितलं नाही. आम्ही वर निघालो. "किकुए, उजवीकडं वळतोय... किकुए, इथं चिखल आहे गं..." त्याला धाप लागायची, शब्द तुटायचे, पण नाव तो सोडत नव्हता. आणि आमच्या मागं खर्र... खर्र... आम्ही थांबलो की थांबायचं. जिथं छत खाली येतं तिथं त्याचा आवाज पार बसला. मग हाका मी मारल्या. "किकुए, डोकं सांभाळ. किकुए, वर चाललोय." रडत होते, पण मारल्या.

शेवटच्या वळणावर माझ्या लक्षात आलं. खरखर एकाच गाडीची होती. पण तिच्या मागं पावलं वाजत होती, अनवाणी, चिखलातली, पुष्कळ. दबकत येत होती. श्वासही ऐकू येत होते.

"भावोजी..." मी कुजबुजले.

"बोलू नकोस. किकुए, ऊन आलं बघ!"

आम्ही उन्हात पडलो. खरखर थांबली. गेन्जिरो हुंदके देत होता आणि मी बघितलं, त्याच्या खांद्यावर नुसता टाकलेला पंचा त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलेला होता, बाजूला गाठ मारून. "गळा उघडा टाकू नका," असं म्हणत किकुए रोज मारायची, तशीच गाठ. त्यानं ती चाचपली आणि हसला. सुटली गं माझी सखी, सुटली.

पण ती पावलं शेवटच्या वळणावर, उजेडाच्या अलीकडं थांबली होती. पाक काकांनाही ती ऐकू येत होती. ते तोंडाशी गेले आणि आत हाका मारू लागले, मात्सुमोतो, कानेदा, अशी नावं. कुणी हललं नाही.

"ही जपानी नावं कचेरीनं दिलेली," ते म्हणाले.  "आम्हाला एकमेकांत आमची भाषा बोलायलाही बंदी होती. जो मेला त्याला आम्ही ह्याच नावानं वर आणला. खरी नावं मला माहीत नाहीत, तोमे. कुणालाच माहीत नाहीत."

मग ते स्वतःचं खरं नाव आत ओरडून सांगू लागले, पुन्हा पुन्हा. त्यांना वाटलं, ऐकून कुणी तरी आपलं सांगेल. आतून काही आलं नाही. मग पावलं परत खाली गेली.

गेन्जिरोला त्याचा मेव्हणा घेऊन गेला. तो बागेत पुष्कळ वर्षं जगला, दर हिवाळ्याला मला संत्री पाठवायचा. चांगलं तेवढंही झालं. पण सणानंतरच्या पहिल्या पाळीला आम्ही जेवायला बसलो, तर कुणाच्याच डब्यात शीत नव्हतं. सगळ्यांच्या डब्यात एकेक खडा. किकुएची परतफेड ती खालची माणसं बघून शिकली होती. अकामात्सुनं आपला डबा उघडला आणि तो पुन्हा कधी खाली उतरला नाही.

पुढं खाण बंद पडली, पाण्यानं भरली, तोंड सिमेंटनं बुजवलं. पाक काका जाताना माझा हात धरून म्हणाले, "त्यांना उपाशी ठेवू नकोस." तेव्हापासून रोज एक डबा मी त्या सिमेंटपाशी ठेवत आले. तुझे आईबाप मला वेडी म्हणायचे. म्हणू देत. पण ह्या घरात मी कधी कोळसा विकत आणलेला तू बघितलास का? शेगडी तर रोज पेटते.

म्हणून सांगते, पोरी, ते कार्ड उद्या त्यांच्या तोंडावर फेक. आणि ते जमत नसेल, पोट आहे, मला कळतं, तर निदान शेजारी उभ्या असलेल्या बाईला तुझं खरं नाव सांग. तिचं विचारून घे. विसरू नकोस.

आज गुडघ्यांनी दगा दिला. टेकाडापलीकडं जाणं झालंच नाही. संध्याकाळी तुझ्या उद्याच्या पाळीचा डबा मात्र भरला, तुझ्यासमोरच भरला ना? भात, वर खारवलेलं आलुबुखार, फडकं बांधून तुझ्या पिशवीशी ठेवला. तू तिथून हलली नाहीस, मीही नाही.

जरा उचल तो. कानाशी धरून हलव.

भात असा वाजत नाही, मिहोको.