टाकीला लागलेली धाप

बत्ती राहू दे, शौर्य. चांदणं हाय की.

ही माझ्या साडूची गोष्ट. भागू त्याचं नाव, पिंपरी पेंढारचा. एका दूध डेअरीच्या मागं सांडपाण्याचा प्लँट व्हता, तिथं तो ऑपरेटर. टाकीत डोळ्याला न दिसणारं किडं घाण खाऊन पाणी निवळ करत्यात. त्यांना हवा लागती, म्हणून टाकीत हवा सोडणारा ब्लोअर. आधी तो हातानं चालू-बंद करावा लागायचा. भागू आन् चिमातात्या, दोघं पाळीवर. तात्याला जुना दमा, पण गप्पांना लई रंगायचा.

मग दोन हजार पाचात आटोमॅटिक पॅनल आलं. पाण्यातली हवा घटली की ब्लोअर आपोआप चालू, पुरेशी झाली की बंद. लाइटची बचत. एकच माणूस पुरे, म्हणून तात्याला घरी बसवलं. थंडीत तो गेला. भागूला मातीला जाता आलं न्हाई. पाळीवर दुसरं कोण व्हतं?

पुढच्या सालची धुळवडीची रात्र. डेअरी दुरुस्तीला बंद, घाण पाण्याचा थेंब येत नव्हता. सायेब म्हणले, "नुसतं पॅनल बघून ये." भागू सायकलवर गेला. आवारात कुत्रंसुदिक न्हाई. लांब गावात डफ वाजत व्हता... मग तोबी थांबला.

पॅनलवर हवेचा आकडा भरपूर. ब्लोअर गप. भागूनं डबा सोडला.

तेवढ्यात आकडा घसरला.

ब्लोअर सुरू झाला. आकडा चढला, ब्लोअर बंद. लगेच पुन्हा घसरला. खायला नसलं की किडं थंड पडत्यात, मग एवढी हवा ओढतंय कोण? भागूनं टाकीतला हवा मोजणारा सेन्सर वर काढला, धुतला, सोडला.

तेच.

मग ब्लोअर थांबल्यावर ऐकू आलं. टाकीतनं. बारीक शिट्टीवानी घरघर... मग काहीच न्हाई... मग पुन्हा.

भागू दोन पावलं मागं सरला. पळावं वाटलं. पण ही घरघर त्यानं कैक रात्री शेजारी बसून ऐकली व्हती.

"तात्या?"

भागू कठड्यावरनं वाकला.

"तात्या, तुमी हाय का?"

पाणी गप. आकडा शून्यावर.

"थांबा," भागू म्हणला. "देतो."

बटण आटोवरनं हातावर फिरवलं. ब्लोअर पुरा सोडला. टाकी खळाळली.

"घ्या तात्या. सावकाश घ्या."

रात्रभर तो कठड्याशी बसून बोलत राहिला. घरचं, पोरीच्या सोयरिकीचं. मातीला आलो न्हाई, तेबी बोलला. लई दिसांनी कुणाशी तरी बोलला बघा. पहाटं आकडा चढला, तो उतरला न्हाई.

सकाळी सायेब भडकले. "रात्रभर लाइट जाळलीस?"

भागूनं मान खाली घातली. सायबानं बटण आटोवर केलं. पॅनलची काच धुरकट दिसली म्हणून रुमालानं पुसली. पुसंना. वाफ आतनं धरली व्हती. कुलूप काढलं. आत खडखडीत कोरडं, आन् गरम. दार लावलं...

मी सोता जाऊन बघितलंय, पोरांनो. काचेला आतनं तोंडाएवढा गोल वाफेचा डाग.

काचेवर चढायचा... विरायचा...

पुन्हा चढायचा.