सायबेरियातली आगटी

सायबेरियात हुरडा! मंगळवेढ्यात कोणी असं बोललं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण लेना नदीकाठी, ऑगस्टच्या उबदार दुपारी, मंगळवेढ्याहून मदतीला आलेला दिगू ढोबळे कुदळीने आगटीचा खड्डा खणत होता आणि डॉ. उल्का बारगळ कोवळी कणसं खुडत होती.

ज्वारी उल्काचीच. साधी ज्वारी रात्री लांबल्याशिवाय निसवत नाही, कणीसच धरत नाही, आणि इथल्या उन्हाळ्यात रात्र नावालाच. उल्काने ज्वारीतलं दिवस-रात्र मोजणारं जनुकच बंद करून टाकलं. हवामान तापल्याने थंडीही मागे सरली होती. जिथे गवतापलीकडे काही उगवत नव्हतं, तिथे कणसं दाण्यांनी भरली. इथे जगाची भाकरी पिकेल असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काय होतं?

आता फक्त सर्दानाआजीचा होकार हवा होता. आजी इथल्याच साखा जमातीची, घोडे पाळणारी. शेताला लागून तिचं कुरण होतं. ते मिळालं की तेही नांगरायचं ठरलं होतं.

"बसा आजी, गरमागरम खाऊन तर बघा!" दिगू म्हणाला. कानातल्या दुभाषी यंत्राने ते आजीला तिच्या भाषेत ऐकवलं.

त्याने घोड्यांच्या लिदीच्या गोवऱ्या खड्ड्यात पेटवल्या आणि आरात कणसं खुपसली.

"जमिनीत विस्तव?" आजीने विचारलं. "आमच्याकडे नाही बाई असं करत."

"अहो, आगटी जमिनीतच हवी! नाहीतर चव कसली?"

चव खरंच झकास होती. चटणीने डोळ्यांत पाणी आलं तरी आजीने आणखी दाणे मागितले. खाता खाताच म्हणाली, "घे कुरण. दिलं."

उल्काला आनंदाने नाचावंसं वाटलं.

गोवऱ्या विझल्या, जाळ मात्र विझेना. निळसर जाळ थेट मातीतून वर येत होता. दिगूने बादलीभर पाणी ओतलं, तर तो शेजारच्या भेगेतून निघाला. खड्ड्याची कड खचली आणि कडेची ज्वारी आत गेली.

"आयला!" दिगू मागे सरला.

"तुमची आगटी अशीच जळते का?" आजीने सहज विचारलं.

दिगूने उल्काकडे पाहिलं. नुसतं 'हो' म्हटलं की दिलेलं कुरण उल्काचंच राहणार होतं.

"नाही आजी," उल्का म्हणाली. "खाली हजारो वर्षांचा बर्फ आहे. गवत त्याच्यावर गोधडीसारखं होतं, ते आम्ही नांगरलं. माती तापली, बर्फ वितळला, त्यात गाडलेला पाला कुजतोय. त्यातून मिथेन वायू सुटतो, तोच हा जळतोय. तो हवेत गेला की सगळं जग आणखी तापतं. तुमचं कुरण नांगरायचं नाही. न नांगरता, गवतातच वाढेल अशी ज्वारी मी काढते. जमेल मला, नक्की जमेल."

"जमेल की. हुशार आहेस तू." आजीने नदीपलीकडे बोट दाखवलं. तिथे उल्काचंच बियाणं पेरायला दुसऱ्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर माळ उलथत होते, पार क्षितिजापर्यंत. "पण पोरी, हा जाळ दाखवायला त्यांच्याकडे आगटी कोण पेटवणार?"