पालकाची सही

१९५९ सालचा आश्विन. दिग्रसला जिनिंगचे भोंगे नुकतेच वाजू लागले होते, आणि वामनराव हेडमास्तरांच्या स्वयंपाकघरात त्यांची पंधरा वर्षांची मंजुषा डाव्या हाताने पोळी मोडू पाहत होती... उजव्या तळहातावर सहा वळ सुजून आले होते, आणि ते उठवणारे तिचे जन्मदाते वडील समोरच्याच पाटावर बसून शांतपणे म्हणत होते, "वरण वाढ."

मंजुषाच्या आईने, शोभाताईंनी, वरणाचं पातेलं आदळलंच!

"अहो, तीन दिवस ही कुठं होती, तुम्हाला ठाऊक नव्हतं? मागच्या खोलीत बाजूला बसली होती, तुमच्याच घरात!"

"घरी मी बाप आहे. शाळेत तीन दिवसांच्या गैरहजेरीला पालकाची चिठ्ठी लागते. नसली तर सहा छड्या. तिसऱ्यांदा झालं की नाव कमी. नियम सगळ्यांना सारखा."

"हिचा पालक कोण?"

"मीच."

"मग स्वतःच लिहा, स्वतःच वाचा!"

"असली गोष्ट कागदावर? कारकून वाचतो, चपराशी वाचतो... काहीतरीच!"

काय करावं या माणसाचं! घरातलं बाजूला बसणं मोडू द्यायचं नाही, आणि बसली म्हणून शाळेत हात फोडायचा! मंजुषाची ही दुसरी वेळ होती. पुढच्या महिन्यात नाव गेलं की मॅट्रिकचा फॉर्मही गेला...

दुसऱ्या दिवशी सकाळी बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा धनसिंग मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याची हंसा मंजुषाच्याच वर्गात.

"बाई, तुमच्या मास्तरची शिस्त लय कडक, म्हनून तं दोन कोस चालत पोरीले धाडतो. पन आता थे मनते, मरीन पन शाळेत नाई जाईन. तीन-तीन दिवस घरी बसते, मंग मार खाते. काहून बसते, विचारलं तं नुसती रडते. तिची माय असती तं तिले तरी सांगतलं असतं..."

शोभाताईंच्या काळजात चर्र झालं. हंसाला आई नव्हती. पण मंजुषाला आई असून तरी काय उपयोग झाला होता?

दुपारी त्या पदर खोचून थेट शाळेच्या ऑफिसात गेल्या आणि दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या, एक मंजुषाची, एक हंसाची, दोन्हींखाली स्वतःची सही. कारण स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं! देवराव कारकुनाने ते वाचलं आणि मान खाली घातली. वामनरावांचे कान लाल झाले.

"ही सही आईची आहे. नियमात पालक म्हणजे वडील."

"मग नियमात आई घाला! या शाळेत अकरा मुली आहेत, हेडमास्तर. त्यांनी काय बापांना सांगायचं?"

दोन्ही चिठ्ठ्या परत आल्या, हंसा शाळेत परतली नाही, आणि गावभर बोभाटा झाला. शोभाताईंना हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. वामनराव त्यांच्याशी बोलेनासे झाले. "आईला सांग, पाणी ठेव," असं मंजुषाकरवी! सात महिने त्या माउलीने ते निमूट सोसलं. मात्र त्या दुपारपासून मंजुषाला बाजूला बसू दिलं नाही. ती रोज शाळेत गेली आणि मॅट्रिकला बसली.

वैशाखात एका संध्याकाळी वामनरावांनी शाळेची नोटीस-वही शोभाताईंपुढे सरकवली. "वाचून बघ. बरोबर लिहिलंय का?"

मुलींच्या गैरहजेरीला आईचा किंवा घरातल्या कुठल्याही बाईचा निरोप पुरे. कारण विचारू नये.

शोभाताईंचे डोळे भरून आले. "हंसाला कळवा हो..."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात वामनराव स्वतः तांड्यावर गेले. हंसाचं लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. धनसिंगने हात जोडले. "गुरुजी, तुमची काई चूक नाई. पोरीलेच डोकं नव्हतं."

ते परत आले आणि न जेवता झोपले.

हंसाबाई उमरखेडकडे नांदली. तिला पुन्हा पुस्तक दिसलं नाही. धनसिंग बासष्ट साली वारला, मास्तरांना दुवा देतच. मंजुषा बाभुळगावला शिक्षिका झाली. तिच्या वर्गात फार गोंगाट चालतो, अशी तक्रार कायम असे. शोभाताईंना बोलावणी पुन्हा येऊ लागली. त्या गेल्या नाहीत. वामनराव सदुसष्ट साली निवृत्त झाले. मोठे झालेले विद्यार्थी पाया पडून म्हणत, "गुरुजी, तुमच्या छडीनंच आम्ही घडलो!" तेव्हा ते विचारीत, "तुझ्या वर्गात मुली किती होत्या रे?... शेवटपर्यंत किती राहिल्या?"

कुणालाच आठवत नसे.